रुईची उधारी

रुई मराठी माणसाला टप्प्याटप्प्याने भेटते. लहानपणी धाक म्हणून: पान तोडू नकोस, चीक डोळ्यांत जाईल. मग शनिवारच्या मारुतीच्या गळ्यातली माळ म्हणून. आणि मोठेपणी सातबाऱ्यावरच्या ‘पोटखराबा’ या नोंदीआड, बांधाच्या कडेला माजलेलं बिनकामाचं झुडूप म्हणून. या तिन्ही भेटींत तिच्या पानावरचा नाकतोडा सहसा हिशोबात येत नाही. आलाच तर ‘काय सुरेख रंग!’ एवढ्यावर विषय मिटतो. पाच-सहा सेंटिमीटरचं अंग, त्यावर हळदीपिवळे आणि मोरपंखी पट्टे, हिरव्या पंखांवर पिवळे ठिपके, त्यांच्याखाली दडलेले फिकट तांबडे मागचे पंख. शास्त्रीय नाव पोएकिलोसेरस पिक्टस. पिक्टस म्हणजे रंगवलेला. पण हा रंग शृंगार नाही. ती जाहीर नोटीस आहे, आणि तिला जामीन रुई आहे.

गवतातला साधा नाकतोडा पाहिला की फरक कळतो. तो गवताच्या रंगाचा असतो, पाऊल वाजलं की टुणकन उडतो. लपणं आणि पळणं एवढीच त्याची पुंजी. रुईवरचा मात्र राखाडी-हिरव्या पानावर उघड्यावर बसतो, रेंगाळत चालतो, उडायला नाखूश असतो. ही बेफिकिरी येते चिकातून. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषद्रव्यं असतात. पेशींतलं सोडियम बाहेर टाकणारे पंप ती बंद पाडतात. नाकतोडा ती पचवून अंगात साठवतो. अर्धवट वाढलेलं पिल्लू चिमटीत धरलं, की पोटाच्या पहिल्या-दुसऱ्या वलयामधल्या छिद्रातून दुधाळ, कडवट द्रवाची चिळकांडी दोन इंचांवर उडते, आणि तीही जिकडून चिमटा बसला तिकडेच. प्रौढाच्या बाबतीत तोच द्रव पंखांखालून फेसासारखा अंगालगत साचतो.

यावर कुणी म्हणेल, विष झाडाचं. यात किड्याचं कर्तृत्व ते काय? कर्तृत्व एवढंच, की दुसऱ्याला मारणारी गोष्ट अंगात बाळगून स्वतः न मरणं. पण उधारीचा मुद्दा खराच आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो बळकटीच देतो. पश्चिम आशियातला याचा सख्खा भाऊबंद, पोएकिलोसेरस बुफोनियस, रसायनशास्त्रज्ञ राइखश्टाइन आणि सहकाऱ्यांनी तपासला. १९६७ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुईच्या कुळातल्या झाडांऐवजी दुसरा पाला खाऊन वाढलेल्या नाकतोड्यांच्या द्रवात हे विष बरंच कमी भरलं. पुरवठा तुटला की नोटिशीमागची ताकद ओसरते. म्हणूनच आपला रुईवरचा नाकतोडा कधी पपईसारख्या पिकावर गेला, की त्याला नुसती कीड म्हणून मोकळं होता येत नाही. पोट तिथेही भरेल, पण रुईचा जामीन तिथे मिळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पक्ष्याला धडा मिळायचा तर आधी एखादा नाकतोडा चोचीत जायलाच हवा; मग त्या बिचाऱ्याला रंगाचा उपयोग काय? त्याचं उत्तर जीवनक्रमात सापडतं. मादी पोटाचं टोक मातीत खुपसून शंभरावर अंडी एकाच ठिकाणी घालते. पिल्लं बाहेर पडतात ती बिनपंखांची, हिरवट-पिवळी, बारीक काळ्या खुणांची आणि लाल ठिपक्यांची. कात टाकत ती वाढतात, आणि पुष्कळदा एकाच झुडपावर दाटीने दिसतात. एकाला चोच लागली आणि पक्षी तोंड वाकडं करून उडाला, तर फायदा शेजारच्या भावंडांचा. उडता न येणाऱ्या पिल्लाजवळ चिळकांडी असणं हेही त्याच हिशोबातलं.

तेव्हा बांध स्वच्छ करताना रुई उपटली, तर नुसतं झुडूप जात नाही; एका प्राण्याच्या पिवळ्या-निळ्या रंगाला असलेला आधार जातो. पोटखराबा हा शब्द माणसाच्या पोटापुरताच खरा आहे. आणि ‘हात लावू नकोस’ हा लहानपणी रुईवरून मिळालेला धाक, नाकतोडा जन्मभर अंगावर लिहून हिंडतो.