गाळलेला दात

वडिलांची 1996ची मारुती 800 मला कार्ब्युरेटरवरून फ्युएल इंजेक्शनवर न्यायची होती. त्यासाठी स्पीडुइनो नावाचा ईसीयू आणला. पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा हे तो ठरवतो, इतपत वाचलं होतं. पण क्रँक कुठवर फिरलाय हे त्याला सेन्सरनेच कळतं, आणि तो सेन्सर कुठे बसवायचा हे मलाच ठरवायचंय, हे खोकं उघडल्यावर समजलं.

आधी डिस्ट्रिब्युटरची जागा सोपी वाटली. खडूने खुणा करून पान्याने क्रँक फिरवला. क्रँकचे दोन फेरे झाले तेव्हा रोटरचा एक झाला. मग क्रँक जरासा मागेपुढे केला. पुलीवरची खूण हलली, रोटर ढिम्म! मधल्या टायमिंग बेल्टची आणि जोडांची ढिलाई मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. मोजायचा क्रँक, तर सेन्सरही क्रँकपाशीच हवा.

शिरोली एमआयडीसीतून 36 दात्यांचं लोखंडी चाक कापून आणलं. त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला, म्हणजे फेरा कुठे सुरू झाला ते ईसीयूला कळतं. दोन दात्यांमध्ये 10 अंश. चाक पुलीवर बसवलं, हॉल सेन्सरची पट्टी पुढच्या बॉडीला ठोकली आणि फिलर गेजने 1 मिलिमीटर फट मोजली. गॅरेजवाल्या मामांनी बघितलं. ‘‘इंजन रबरावर डोलतंय, आणि पट्टी बॉडीला मारलीस. फट राहील व्हय जाग्यावर?’’ मी मुकाट्याने पट्टी काढली. नवी, जाड पट्टी थेट इंजिन ब्लॉकच्या बोल्टवर आवळली.

गाळलेला दात मी एक नंबर पिस्टन अगदी वर येतो तिथेच, म्हणजे टीडीसीवर, ठेवला होता. स्टार्टर मारला की ईसीयूचा हिशेब तुटायचा. दोन संध्याकाळी वायरी तपासण्यात गेल्या. दोष जागेचा होता. पिस्टन हवा दाबत वर येताना क्रँक मंदावतो, दाते उशिरा येतात, आणि ईसीयू गाळलेल्या दाताबाबत फसतो. तीन सिलिंडरच्या या इंजिनात दर 120 अंशांवर कुठलातरी पिस्टन वर असतो. म्हणून चाकाला नवी भोकं पाडून ते 60 अंशांनी, म्हणजे सहा दाते फिरवलं. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झालं.

शेवटी ठिणगी 10 अंशांवर कायम करून टायमिंग लाइट धरला. खूण बरोबर एका दात्याने चुकलेली. मोजणी रिकाम्या जागेनंतरच्या पहिल्या दातापासून करायची, मी रिकामी जागाच धरली होती. पाना लागलाच नाही; लॅपटॉपवर एक आकडा बदलला आणि खूण जागेवर आली. सेन्सर टीडीसीवरच हवा, असं मी महिनाभर धरून बसलो होतो. तो कुठे आहे हे नेमकं ठाऊक असावं आणि तिथून तो हलू नये, एवढंच इंजिनाला लागतं.