६६ पैशांचा फोटो

कॅमेऱ्याच्या शटरलाही आयुष्य असते आणि ते वर्षांत नव्हे, फोटोंत मोजतात, ही गोष्ट मला वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पुस्तकात भेटली नाही. ती सांगितली सुरतेच्या माझ्या आतेभावाने. कॅनन ५डी मार्क ३ या कॅमेऱ्याचे शटर १,५०,००० वेळा उघडझाप करील, या हिशेबाने पारखलेले असते. दादा जो वापरलेला नग घ्यायचे म्हणत होता, त्याचे ६२,००० फोटो आधीच होऊन गेले होते. उरले ८८,०००. किंमत ५८,००० रुपये. "तू कॉमर्सचा ना? मग मांड हिशेब," असे म्हणून त्याने वही माझ्याकडे सरकवली. मे महिन्याच्या सुटीत पाहुणचार झोडायला गेलेल्या माणसाला एवढे काम करावेच लागते.

आत्याचे यजमान मूळचे जळगावकडचे. खानदेशातून सुरतेला पोटासाठी गेलेली माणसे इतकी आहेत, की उधना-लिंबायत भागात रस्त्याने जाताना अहिराणी कानांवर पडते आणि महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमही आहे. दादा अशाच एका शाळेत शिकला. एरवी तो रिंग रोडवरच्या कापडबाजारातील व्यापाऱ्यांसाठी साड्यांचे फोटो काढतो आणि लग्नसराईत लग्ने करतो. आमच्या बेळगावात फोटोवाला एकदा "इकडे बघा" म्हणतो, एकदा "इल्लि नोडि". दादाला याखेरीज "आ बाजू जुओ" म्हणावे लागते. आणि तिन्ही भाषांतले लोक नेमके दुसरीकडेच बघतात, याबाबतीत मात्र राष्ट्रीय एकात्मता पूर्ण आहे.

आता त्याला हा भारी कॅमेरा कशाला हवा होता? मजबूत कॅमेरा म्हणजे काय, हे मी त्याच्याकडूनच समजून घेतले. साध्या कॅमेऱ्याचे अंग प्लॅस्टिकचे असते. याचे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. जोडाच्या जागी आणि बटणांच्या बुडाशी धूळ-पाणी अडवण्याची सोय असते. मात्र भिंगही त्याच तयारीचे असले पाहिजे, नाहीतर पुढचे दार बंद आणि मागचे उघडे, अशी गत. सुरतेत या तयारीला अर्थ आहे. लूममधून उडणारी धाग्यांची बारीक लव सगळीकडे बसते. पावसाळ्याच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. त्यासाठी दादा कॅमेऱ्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. शिवाय हळद उधळली जाते, अक्षता उडतात, धुळवडीचा रंग असतो. हा कॅमेरा २०१२ साली बाजारात आला, बॅटरी-कार्डासह ९५० ग्रॅम भरतो आणि दिवसभर गळ्यात वागवला तर मान कुठे आहे याची आठवण देतो.

असली वस्तू दादाच्या आवाक्यात येण्याचे कारण वेगळेच आहे. आरशाचे कॅमेरे मागे पडले. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेला १डी एक्स मार्क ३ हा कॅननचा त्या जातीतला शेवटचा मोठा कॅमेरा ठरला. धंद्यातली पैसेवाली मंडळी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळली आणि त्यांनी काढून टाकलेल्या यंत्रांवर दादासारखे लोक नजर ठेवून बसले.

मी हिशेब मांडला. जुना साधा कॅमेरा त्याने नवा कोरा ३४,००० रुपयांना घेतला होता. तीन वर्षांत सुमारे १,००,००० फोटो झाले आणि विकताना १०,००० येणार होते. म्हणजे घसारा २४,०००, दर फोटोमागे २४ पैसे. नव्या वस्तूचे ५८,००० भागिले ८८,००० केले, तर ६६ पैसे. शेवटी विकून २०,००० आले असे धरले, तरी ४३ पैसे. योग्य भिंगाचे पैसे निराळेच. साडीच्या फोटोला व्यापारी एक पैसाही जास्त देणार नव्हता. तो दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो पाहून "चालशे" एवढेच म्हणतो. मी खाली रेघ ओढून लिहिले : घेऊ नये.

दादाने वही वाचली. म्हणाला, "बरोबर आहे. साडीचा फोटो बिघडला तर साडी पुन्हा नेसवता येते. हळद पुन्हा लागते का?"

त्याच्या बोलण्याला आधीच्या वर्षीच्या एका लग्नाचा संदर्भ होता. हळदीच्या दिवशी सकाळी काढलेले तीनशेच्या आसपास फोटो ज्या कार्डावर होते, ते कार्ड संध्याकाळी उघडेना. संगणकावर खटपट करून निम्मे परत मिळाले. जे गेले त्यांत नवरीची आजी होती. नातीला हळद लावण्यासाठी तिला दोघांनी धरून उठवले होते. ती पुढे दोन महिन्यांनी वारली. घरच्यांनी एकच फोटो मागितला, नेमका तोच नव्हता. दादाने हळदीचे पैसे परत केले. त्यांनी ते घेतले, भांडण काहीच केले नाही. "भांडले असते तर बरे झाले असते," तो म्हणाला.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की दादाचा डोळा मॅग्नेशियमवर नव्हताच. या कॅमेऱ्यात कार्डाच्या दोन खाचा आहेत, एक कॉम्पॅक्ट फ्लॅश आणि एक एसडी. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर उतरतो. जुन्यात एकच खाच होती. मजबुती म्हटले की आपण धातू, वजन, रबर बघतो. या खाचा तर एका झाकणाआड दडलेल्या. माझ्या मते कॅमेऱ्यातली सर्वांत दणकट गोष्ट हीच.

फिल्मच्या काळात ही चैन नव्हती. सुरतेशेजारच्या नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स कॅमेरे घेऊन दिल्लीत हिंडल्या. त्यांची निगेटिव्ह एकच. ती बिघडली की तो प्रसंग गेला. पुढे १९९१ साली कोडॅकने निकॉन एफ३ च्या अंगावर पहिला विक्रीचा डिजिटल एसएलआर उभा केला, तेव्हा फोटो साठवण्याचे यंत्र खांद्याला वेगळे अडकवावे लागे. तिथून नखाएवढ्या कार्डापर्यंत आपण आलो आणि कार्ड नखाएवढे झाले म्हणून त्याच्या जाण्याचे दुःख काही लहान झाले नाही.

मी वहीतला हिशेब खोडला नाही, कारण तो चुकलेला नव्हता. फक्त खाली एक ओळ वाढवली : एका लग्नाचे साधारण २,५०० फोटो, फरक ४२ पैशांचा, लग्नामागे १,०५० रुपये. या रकमेला काय नाव द्यावे यावर मी बराच वेळ घालवला. घसारा म्हणावे तर तो नव्हे. विम्याच्या हप्त्याजवळ जाणारी ती रक्कम आहे. पण विमा गेल्या वस्तूचे पैसे देतो, आणि इथे पैसे तर दादाने स्वतःच परत केले होते. शेवटी जागा कोरी सोडली. दादाने लग्नाचा दर १,००० रुपयांनी वाढवला, दोन गिऱ्हाइके गेली, आणि कॅमेरा घेतला.

यात आत्याचा वाटा मोठा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरात सुरत बुडाली, तेव्हा ही मंडळी रांदेरला तळमजल्यावर भाड्याने राहत होती. आत्याच्या लग्नाचा अल्बम चार दिवस पाण्यात होता. पाने एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली. ती वीट तिने अजून टाकलेली नाही. त्यामुळे "दुसरी प्रत हवी" हे तिला कोणी समजावून सांगावे लागले नाही. कॅमेऱ्यासाठी कमी पडणारे १५,००० तिनेच दिले.

आता लग्नाहून परतताना दादा एक कार्ड बॅगेत ठेवतो आणि दुसरे शर्टाच्या खिशात. घरी आल्यावर खिशातले कार्ड आत्याच्या हाती जाते. ती ते स्टीलच्या डब्यात घालते, डब्यावर लग्नाची तारीख चिकटवते आणि डबा माळ्यावर ठेवते. अल्बम पोचेपर्यंत त्याला हात लावायची दादालाही परवानगी नाही.