निकाल उघडा, माणूस झाकलेला

एडिनबरातल्या रॉयल माइलवर, सेंट जाइल्स कॅथीड्रलच्या मागे पार्लमेंट हाउस आहे. १७०७ साली इंग्लंडशी एकीकरण होईपर्यंत इथे स्कॉटलंडची संसद भरायची. आता इथे कोर्ट ऑफ सेशन, म्हणजे स्कॉटलंडचं वरिष्ठ दिवाणी न्यायालय बसतं. आतल्या मोठ्या दालनात वकील जोडीजोडीने येरझारा घालत बोलताना दिसतात. एका जागी उभं राहून बोललं तर शेजारच्याला सगळं ऐकू जाईल. चालत राहिलं तर वाटेतल्या माणसाच्या कानावर फार तर अर्धं वाक्य पडेल, म्हणून ही जुनी रीत. गंमत अशी, की हे दालन कामाच्या दिवशी कोणालाही फुकट पाहता येतं. पक्षकाराचं गुपित सांभाळायचं, तेही चारचौघांच्या देखत.

पुण्यात लॉ कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करून मी या शहरात आले आणि एका सॉलिसिटर फर्मच्या लायब्ररीत लागले. इथले सॉलिसिटर पक्षकार आणि कागदपत्रं सांभाळतात, वरच्या कोर्टात उभं राहायला बहुधा ॲडव्होकेट लागतो, आणि दोघांनाही कायदा शोधून देणारा लॉ लायब्रेरियन लागतो. नातेवाइकांना वाटतं, मी पुस्तकांची देवघेव करते. प्रत्यक्षात सकाळी नव्या निकालांतून ज्याच्या कामाचं जे असेल ते त्याला पाठवायचं, डेटाबेसच्या कंत्राटांवर कंपन्यांशी घासाघीस करायची, शिकाऊ वकिलांना शोध घ्यायला शिकवायचं, आणि ‘हे कलम आजच्या तारखेला लागू आहे का?’ या प्रश्नाला दिवसभर उत्तरं द्यायची.

सुरुवातीलाच एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. वेस्टलॉ किंवा लेक्सिससारख्या डेटाबेसमध्ये शोधाआधी ‘क्लायंट आयडी’चा रकाना येतो, खर्च कोणाच्या नावावर टाकायचा ते कळावं म्हणून. तिथे पक्षकाराचं नाव कधीही लिहायचं नाही, फाइलचा नंबर टाकायचा. दुसरी गोष्ट लिंक्डइनची. समोरच्या कंपनीचा संचालक कोण, आधी कुठे होता, हे बघायला वकील आपल्याच खात्यावरून त्याचं प्रोफाइल उघडतात आणि त्याला लगेच कळतं, की अमक्या फर्मच्या तमक्या वकिलाने आपल्याला पाहिलं. दावा दाखल व्हायच्या आधीच बातमी फुटली! म्हणून असली पाहणी ‘प्रायव्हेट मोड’ लावूनच करायची. प्रश्न कोणी विचारला, ही माहिती पुष्कळदा उत्तरापेक्षा मोलाची असते.

ज्या कंपन्या कायदा विकतात त्यांचा दुसराही धंदा आहे. वेस्टलॉ थॉमसन रॉयटर्सचं, लेक्सिस रेल्क्स समूहाचं. अमेरिकेत याच समूहांनी नागरिकांचे पत्ते, गाड्या, फोन अशा नोंदी एकत्र करून सरकारी यंत्रणांना विकल्या. घेणाऱ्यांत तिथला इमिग्रेशन विभागही होता. यावर आवाज उठवणाऱ्यांत लॉ लायब्रेरियन होते. त्यांच्यातल्याच सारा लॅमडन यांनी २०२२ मध्ये ‘डेटा कार्टेल्स’ हे पुस्तक लिहिलं. वाचकाची गुप्तता पाळायचं तत्त्व आम्ही मानतो आणि वर्गणी मात्र या कंपन्यांना भरतो, ही आमच्या व्यवसायाची खरी अडचण आहे.

एडिनबराच्या कोर्टाने सोशल मीडियाच्या खासगीपणावर दिलेला निकाल मी शिकाऊ वकिलांना आवर्जून वाचायला देते. २०१६ मध्ये एका लैंगिक गुन्ह्याच्या तपासात एक फोन तपासला गेला आणि त्यात पोलिसांचेच व्हॉट्सॲप ग्रुप सापडले. एकाचं नाव होतं ‘क्वालिटी पोलिस’. त्यात स्त्रियांबद्दल, वंशाबद्दल, अपंगांबद्दल हीन मजकूर होता, शिवाय चालू तपासातले फोटोही होते. शिस्तभंगाची कारवाई सुरू झाल्यावर दहा पोलीस कोर्टात गेले. आमचा ग्रुप खासगी, त्यातले संदेश आमच्याविरुद्ध वापरता येणार नाहीत, हे त्यांचं म्हणणं. २०१९ मध्ये लॉर्ड बॅनटाइन यांनी निकाल दिला: सामान्य नागरिकाला अशा ग्रुपमध्ये खासगीपणाची अपेक्षा धरता येईल, पण पोलिसाने नोकरीत शिरताना वागणुकीचे जे नियम पत्करले आहेत त्यामुळे त्याला ती धरता येणार नाही. २०२० मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. नोंद घेण्यासारखी गोष्ट म्हणजे निकालपत्रात त्या पोलिसांची नावं नाहीत. पहिल्याचा उल्लेख ‘बीसी’ एवढाच. कोर्टाने त्यांची मागणी नाकारली आणि तरीही त्यांची ओळख झाकली.

अशा फुटलेल्या ग्रुपशी इथल्या कायदा ग्रंथालयाचा संबंध जुना आहे. पार्लमेंट हाउसला लागूनच ॲडव्होकेट्स लायब्ररी आहे. सर जॉर्ज मॅकेंझी यांच्या पुढाकाराने १६८९ मध्ये तिचं उद्घाटन झालं. १७५२ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम तिचा ग्रंथपाल झाला. दोन वर्षांनी त्याने मागवलेली तीन फ्रेंच पुस्तकं अश्लील ठरवून लायब्ररीच्या देखरेख मंडळींनी कपाटातून काढायला लावली. ह्यूम चिडला. त्याने जागा सोडली नाही, कारण इंग्लंडचा इतिहास लिहायला त्याला तिथली पुस्तकं हवी होती. पगार मात्र त्याने थॉमस ब्लॅकलॉक या अंध कवीला देऊन टाकला. त्या तिन्हींतलं एक पुस्तक बुसी-राब्युतँ या फ्रेंच सरदाराचं होतं. दरबारातल्या लफड्यांवरचं ते लिखाण त्याने जवळच्या माणसांच्या करमणुकीसाठी केलं होतं. विश्वासातल्या एका बाईकडून हस्तलिखित बाहेर गेलं, छापलं गेलं आणि १६६५ मध्ये लेखकाची रवानगी बॅस्टिलच्या तुरुंगात झाली. स्क्रीनशॉट नव्हता, एवढाच काय तो फरक.

 

नाव न घेताही माणूस उघडा पडतो, याचा धडा एडिनबराने २०२० नंतर घेतला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये स्कॉटलंडचे माजी फर्स्ट मिनिस्टर ॲलेक्स सॅमंड यांच्यावर लैंगिक गुन्ह्यांच्या आरोपांखाली इथल्या हायकोर्टात खटला चालला. ज्यूरीने त्यांना एकाही आरोपात दोषी धरलं नाही. तक्रारदार स्त्रियांची ओळख उघड करायला कोर्टाची मनाई होती. माजी राजदूत क्रेग मरी खटल्याबद्दल इंटरनेटवर लिहीत होते. त्यांनी कोणाचं नाव छापलं नाही. पण त्यांच्या लेखनातला एक तपशील, इतर बातम्यांतला दुसरा, असं जोडत गेलं तर वाचक त्या स्त्रियांपर्यंत पोहोचू शकतो, असं कोर्ट म्हणालं. मरी यांनी आरोप नाकारला होता. २०२१ मध्ये लेडी डॉरियन यांनी त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल आठ महिन्यांची शिक्षा दिली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात हेच बजावलं होतं: बलात्कारपीडितेचं नाव तर नाहीच, पण दूरान्वयानेही तिची ओळख पटेल असा तपशील छापायचा नाही, सोशल मीडियावरही नाही.

आमच्याकडे एका शिकाऊ वकिलाने कौटुंबिक खटल्यातल्या निकालावर लिंक्डइनसाठी टिपण लिहिलं. नावं अर्थातच नव्हती. पण मुलाचं वय होतं, आईचा व्यवसाय होता आणि उत्तरेकडच्या एका बेटाचा उल्लेख होता. मी ती वाक्यं खोडली.

“हे सगळं निकालातच आहे,” तो म्हणाला.

“निकाल वकील वाचतील,” मी म्हटलं, “तुझी पोस्ट त्या बेटावरचे लोक वाचतील. तिथे शाळा एकच असणार.”

त्याला ते पटलं, पण त्याचा मुद्दाही खोटा नव्हता. न्याय उघड्यावर व्हावा म्हणूनच निकाल प्रसिद्ध होतात. पुण्यात कायदा शिकणारी प्रत्येक पिढी मे डोनह्यू या ग्लासगोच्या बाईला ओळखते. १९२८ च्या ऑगस्टमध्ये पेझ्लीच्या एका कॅफेत तिच्या जिंजर बिअरच्या बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाल्याचा तिचा दावा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला, १९३२ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि अनेक देशांतल्या ग्राहकांना उत्पादकावर दावा करायचा हक्क मिळाला. कोर्टाचा खर्च परवडत नव्हता म्हणून आपल्याजवळ पाच पौंडही नाहीत, असं तिला शपथेवर सांगावं लागलं. तिचं दारिद्र्यही कायद्याच्या इतिहासात नोंदलं गेलं. तेव्हा निकाल जाड ग्रंथांत असायचे. वाचायला लायब्ररीत जावं लागे, आणि त्या जाण्याच्या कष्टातच सामान्य माणसाला थोडा आडोसा मिळत होता.

तो आडोसा इथल्या लोकांनी विचारपूर्वक राखला. ब्रिटन आणि आयर्लंडचे निकाल फुकट देणारी ‘बेली’ ही सेवा २००० सालापासून चालते. तिच्यावर कोणीही निकाल वाचू शकतो, पण गुगलला तिथले निकाल आपल्या शोधात घ्यायला मनाई आहे. खटला शोधायचा तर बेलीवर जाऊन शोधा. शेजाऱ्याचं नाव सहज गुगलात टाकून त्याचा घटस्फोट हाती लागणार नाही.

भारतात तो लागतो. साताऱ्याहून मावशीचा फोन आला, तेव्हा तिच्या आवाजात रडूच होतं. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं दुसरं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी नाव शोधलं तर पहिल्या लग्नाच्या वादातला निकाल समोर आला. आरोप, प्रत्यारोप, सगळं.

“तू कोर्टाच्या लायब्ररीत आहेस ना,” मावशी म्हणाली, “मग तेवढं काढून टाक गं!”

“मावशी, मी एडिनबरात आहे. आणि भारतात असते तरी मला ते काढता आलं नसतं.”

तिला वाटलं मी अंग झटकतेय. मग मी तिला समजावलं, की मुलीला वकिलामार्फत कोर्टाकडेच नाव झाकण्याची विनंती करता येते. तसे दाखले आहेत. अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या भारतीय वंशाच्या एका अमेरिकी नागरिकाला त्या निकालामुळे नोकरी मिळेना. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘इंडियन कानून’ या निकालांच्या संकेतस्थळाला तो निकाल गुगलसारख्या सर्च इंजिनांना दिसणार नाही असं करायला अंतरिम आदेशाने सांगितलं. उलट बाजूही आहे. मद्रास उच्च न्यायालयाने निकालच काढून टाकायला सांगितला, तेव्हा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. इंडियन कानून २००८ मध्ये सुरू झालं आणि तालुक्याच्या वकिलालाही महागड्या ग्रंथांशिवाय कायदा मिळू लागला. ते बंद पडावं असं कोणताच ग्रंथपाल म्हणणार नाही. निकाल पुसू नये. नावाने शोधणाऱ्या गुगलपुढे तो वाढून ठेवू नये. बेलीचा मार्ग भारतीय न्यायालयांनी आणि संकेतस्थळांनी घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कलम आजही लागू आहे का हे पाहायला लॉ लायब्रेरियन कशाला, असं कोणी विचारलं की मी पालघरचं उदाहरण देते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्याने एका तरुणीला आणि तिची पोस्ट ‘लाइक’ केल्याने तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्या प्रकरणात चर्चेत आलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरी जुलै २०२१ मध्ये त्याच कोर्टापुढे आलं, की पोलीस अजूनही या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवताहेत. ॲटर्नी जनरलनी कारण सांगितलं ते माझ्या धंद्यातलं होतं: छापील कायद्यात कलम तसंच आहे, ते रद्द झाल्याचं तळटिपेत लिहिलं आहे. ठाण्यातल्या अधिकाऱ्याने तळटीप वाचली नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. ग्रुपवर एखाद्या निकालाची पीडीएफ आली, की पुढे ढकलण्याआधी तो वरच्या कोर्टात बदललाय का ते पाहा, आणि त्यातल्या माणसाची ओळख तुमच्या ग्रुपमधल्या कोणाला पटेल का याचा विचार करा. स्वतःला ठरवता येत नसेल तर गावातल्या लॉ कॉलेजच्या किंवा जिल्हा बारच्या ग्रंथपालाला विचारा. ते त्यांचं कामच आहे, आणि तुम्ही काय विचारलंत हे ते कोणाला सांगणार नाहीत.