किशी स्टेशनची मांजर आणि आमचा पोटमाळा



ओसाकाला मुलाकडे दोन महिने राहून आले. कोबेचं जैन मंदिर पाहिलं का, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचं कसं जमवलं, असं तुम्ही विचारताय. त्यावर सवडीने लिहीनच. आज मात्र एका लहानशा रेल्वे स्टेशनबद्दल सांगायचं आहे. तिथून आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये.

नातीने हट्ट धरला, "आजी, मांजर स्टेशनमास्तर बघायला जायचं." सुनेने दशम्या आणि बिनकांद्याची चटणी बांधून घेतली आणि आम्ही निघालो. वाकायामाला गाडी बदलली. तिथून किशिगावा लाईन सुरू होते, सगळी मिळून 14.3 किलोमीटरची. दोनच डबे, दोन्ही बाजूंना शेतं आणि घरांची परसदारं. शेवटचं स्टेशन किशी. ते किनोकावा शहरात येतं, पण शहर म्हणावं असं तिथे काही दिसलं नाही. आपल्याकडच्या एखाद्या शांत तालुक्याच्या गावी उतरल्यासारखं वाटलं.

स्टेशनच मांजरीच्या चेहऱ्याचं आहे. छपराला दोन कान, खाली डोळ्यांसारख्या खिडक्या. छप्पर झाडाच्या सालीचं, त्यांच्याकडच्या जुन्या देवळांना असतं तसं. हे 2010 साली बांधलं. आत काचेच्या खोलीत स्टेशनमास्तर नितामा गाढ झोपली होती. नितामा म्हणजे दुसरी तामा. नात काचेला नाक लावून उभी राहिली आणि मी मुलाकडून तिथली हकीकत ऐकत बसले.

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे माझं लक्ष आधी जमाखर्चाकडे गेलं. ही लाईन तोट्यात होती. आधीच्या कंपनीने ती सोडायचं ठरवलं. गावकरी एकत्र आले, लाईन बंद करू नका म्हणून खटपट केली आणि 2006 च्या एप्रिलमध्ये नव्या कंपनीने ती चालवायला घेतली. खर्च वाचवायला किशी स्टेशनवर माणूस ठेवणंही परवडेना. स्टेशनला लागून एक दुकान होतं. त्या दुकानदार बाई तिथल्या मांजरांना खाऊ घालत. पण मांजरांचा आडोसा सरकारी जागेवर होता, तो हलवायची पाळी आली. तेव्हा बाईंनी कंपनीच्या अध्यक्षांनाच विचारलं, यांना स्टेशनात राहू द्याल का?

अध्यक्षांनी हो म्हटलं. त्यातल्या तामाला 2007 च्या जानेवारीत स्टेशनमास्तर नेमलं. तिच्या मापाची टोपी शिवून घेतली. काम काय, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचं स्वागत. पगार काय, तर मांजराचं खाणं! तिला बघायला देशोदेशीचे लोक येऊ लागले आणि मरायला टेकलेली लाईन तगली. 2015 साली सोळाव्या वर्षी तामा गेली. हजारो लोक निरोपाला आले. फलाटावर तिचं छोटं देऊळही आहे.

"बघ," मी सुनेला म्हणाले, "मांजरीला पद मिळालं, पगार मिळाला, बढतीही मिळाली. मी चाळीस वर्षं घर चालवलं, मला साधी टोपीसुद्धा नाही." सगळे हसले, मीही हसले.

पण परतीच्या गाडीत माझं बोलणं आटलं. तुम्हाला खरं सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या पोटमाळ्यावर एक मांजर व्यायली होती. तीन पिल्लं. घाण होईल, उंदीर मारून आणील, घरात हिंसा नको, असं मीच मनाशी ठरवलं. मांजर बाहेर गेलेली पाहून गड्याकडून पिल्लं पोत्यात घालून मार्केट यार्डाकडे सोडायला लावली. डोळे नीट उघडले नव्हते त्यांचे. ती आई तीन रात्री घरभर ओरडत फिरली. मी दार लावून सामायिकाला बसत होते. ह्यांनी एकदाच विचारलं, "कुठे सोडलीस?" मी उत्तर दिलं नाही.

आपल्यात मांजर पाळत नाहीत, त्यामागचा विचार मला पटतो. पण न पाळणं वेगळं आणि तान्ही पिल्लं आईपासून तोडणं वेगळं. हिंसा टाळण्याच्या नावाखाली मी हिंसाच केली. किशीच्या दुकानदार बाईंपुढे माझ्यासारखाच प्रश्न होता. त्यांनी कुणाला तरी विचारलं. मी कुणालाच विचारलं नाही. शेजारी विचारलं असतं, महिनाभर थांबले असते, तरी मार्ग निघाला असता.

दर क्षमावाणीला मी सगळ्यांना हात जोडते. जावेला, भाडेकरूला, धुण्याच्या बाईला. त्या मांजरीची आठवण मात्र मी चार वर्षं टाळली. यंदा प्रतिक्रमणात पहिलं नाव तिचं घेतलं. त्याने पिल्लं परत येत नाहीत, हे मला कळतं.

गेल्या आठवड्यात परसात एक गाभण मांजर फिरताना दिसली. मी ह्यांना विचारलं, "हिचं काय करायचं?" ते म्हणाले, "तू सांग." मी जिन्याखालची जागा रिकामी केली, जुनं लुगडं अंथरलं आणि पाण्याचं भांडं ठेवलं. पिल्लं चालू लागली की मग पुढचं बघू. नातीला फोनवर सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, "आजी, टोपी कोण शिवणार?"

शिवणाचं मशीन तेल घालून ठेवलं आहे.