शिफ्टला गेल्यावर काय करतोस?

भोसरी एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. १९९८ पासून इथं बसून बायोडाटे करतो. लग्नाचे आणि नोकरीचेही. या दोन्हींची सरमिसळ सोडवण्यातच पहिली काही वर्षं गेली. नोकरीच्या कागदावरही जात, उंची, वडिलांचा व्यवसाय हवाच असायचा. ते आता कमी झालंय. पण 'हार्डवर्किंग, ऑनेस्ट, पंक्चुअल' काही जात नाही. ही विशेषणं मी टाइप करत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी. मी अप्रामाणिक आहे, असं कोण लिहून देतं?

परवा एक पोरगा आला. आयटीआय टर्नर. कागदावर एवढंच, 'सीएनसी ऑपरेटर, थ्री इयर्स'. स्टूल पुढं सरकवलं आणि विचारलं, "शिफ्टला गेल्यावर काय करतोस?"

"काही नाही काका, मशीन चालवतो."

"जॉब बिघडू नये म्हणून काय करतोस?"

मग त्याचे हात बोलायला लागले. वीस मायक्रॉनचा टॉलरन्स. इन्सर्ट झिजला की बोअर लहान येतो. बाकीचे दहाव्या जॉबला तपासतात, हा दर पाचव्याला बोअर गेज लावतो आणि माप सरकायला लागलं की लगेच ऑफसेट देतो. डाव्या हाताची मूठ करून, उजव्या हाताची बोटं तिच्यात घालून त्यानं मला गेज कसा डोलवून बघायचा ते दाखवलं.

"आणि सेटिंग कोण करतं?"

"रात्रपाळीला सेटर नसतो. मग मीच."

हे तो जाता जाता बोलला. सेटरला पगार जास्त असतो. हा पोरगा वर्षभर सेटरचं काम करत होता आणि अर्ज ऑपरेटरचा करायला निघाला होता.

स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई, हे आपल्या कानावर लहानपणापासून पडलेलं. एका ताईंनी सहा वर्षांच्या जागी 'घरीच होते' एवढंच सांगितलं. चहा येईपर्यंत कळलं की बचत गटाचं रजिस्टर आणि बँकेचे हप्ते त्याच बघायच्या. अकाउंट्स असिस्टंटच्या अर्जात ती सहा वर्षं मी सगळ्यात वर घेतली.

जे केलं नाही ते मात्र लिहीत नाही. व्हीएमसी मशीन नुसतं लांबून बघितलं असेल, तर ते कागदावर येत नाही. ट्रायलला मशीनसमोर उभं केलं की पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि मान त्या पोराची खाली जाते.

मांडणीचं फार काही नाही. एक पान, साधा टाइप. दोन रकाने टाळतो, कारण बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि रकान्यांत त्याचा गोंधळ होऊ शकतो.

२००६ साली माझ्या हातून एका फिटरच्या मोबाइल नंबरातला एक आकडा चुकला. वीस झेरॉक्स घेऊन तो गेटागेटावर फिरला आणि महिनाभर फोनची वाट बघत बसला. चूक शेवटी त्यालाच सापडली. तो ओरडला नाही. कागद काउंटरवर ठेवला आणि नंबराखाली नख ओढलं. ती रेघ अजून डोळ्यांपुढून जात नाही.

टर्नर पोराच्या पानावर पहिली ओळ सेटिंगची आली, दुसरी गेजची. प्रिंट द्यायच्या आधी स्क्रीनवरचा नंबर वाचत वाचत मी फोन लावला. त्याच्या खिशात रिंग वाजली.

"अनोळखी नंबर आहे काका," तो म्हणाला.

"उचल," म्हटलं.