खाली खेळायला

संध्याकाळचे साडेपाच वाजले की नेरूळ, सानपाडा, कोपरखैरणे इथल्या घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, "आजी, खाली जाऊ?" विचारणारी स्वारी तीन-साडेतीन वर्षांची, उत्तर देणारी साठी ओलांडलेली. मधली पिढी त्या वेळी ऑफिसातून निघायच्या बेतात असते, नाहीतर ठाणे-वाशी गाडीत पर्स पोटाशी धरून उभी असते. आजीने हो म्हणेपर्यंत चपला चढवूनही झालेल्या असतात, उजवी डाव्या पायात. त्या बदलायला आजी गुडघ्यावर हात टेकून वाकेपर्यंत स्वारी लिफ्टसमोर टाचा उंचावून उभी. बटणं दोन्ही दाबलेली, वर जायचंही आणि खाली जायचंही.

ही आजी बहुधा साताऱ्याची, सांगलीची, नाहीतर कोकणातली. सुनेची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा ती 'थोडे दिवस' म्हणून आली. नातू शाळेत जाऊ लागला तरी ते थोडे दिवस संपलेले नाहीत. गावात तिला चार आळ्या ओळखतात. इथे ती 'बी विंगमधल्या बाळाची आजी', आणि बाकावर शेजारी बसते ती 'सी विंगमधल्या जुळ्यांची आजी'. एकमेकींची नावं दोघींनाही वर्षभराने कळतात, तीही कुणाच्या तरी हळदीकुंकवाला.

'खाली' म्हणजे नेमकं कुठे, हे इमारतीवर ठरतं. सिडकोच्या जुन्या बैठ्या वसाहतींत खाली म्हणजे दोन स्कूटरींच्या मधली जागा. नव्या टॉवरांत पोडियमवर मखमली हिरवळ असते आणि तिच्यावर पाटी असते, 'हिरवळीवर चालू नये'. वाचता न येणाऱ्या वयाचं सगळं वैभव त्या पाटीखालीच लोळत असतं. वॉचमनकाका शिट्टी वाजवतात आणि पोरांना वाटतं, आता खेळ सुरू झाला.

याच नवी मुंबईत एका वास्तुरचनाकाराने या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वी काढून ठेवलं आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना 1965 साली मांडली होती. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांनी बेलापूरला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी घरं आखली. लोक त्या वस्तीला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. त्या आखणीत सात घरांच्या मधोमध आठ मीटर लांब-रुंद चौक होता. असे तीन गट मिळून थोडा मोठा चौक, त्यांचे पुन्हा तीन गट मिळून आणखी मोठा. पुढे अनेकांनी मूळची कौलारू घरं पाडून मोठी बांधली. आखणीतली खुबी मात्र कागदावर आजही स्पष्ट दिसते. आठ मीटर म्हणजे फोडणी टाकता टाकता स्वयंपाकघरातून हाक पोचेल एवढं अंतर. रांगणाऱ्याला उंबऱ्याबाहेरचा लहान चौक, पळणाऱ्याला त्यापुढचा. पोर एकाचं, पण येता-जाता नजर टाकायला सात दारं.

बाराव्या मजल्यावरून हाक पोचत नाही, म्हणून आजी खाली उतरते.

सातला वर आलं की जेवणाचं नाटक. गुरगुट्या भात, वर तूप-मीठ, लिंबाचे चार थेंब. एक घास चिऊचा, एक काऊचा. काऊ अजूनही खिडकीच्या ग्रिलवर येऊन बसतो, चिऊ मात्र आता बहुतेक मोबाइलमध्येच राहते. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं. आजीचंही मत तेच. पण कुकरची तिसरी शिट्टी, दारावरची बेल आणि "मला भात नको" हे तिन्ही एकदम आलं की मोबाइल आपसूक पोराच्या हातात जातो. चार घास जास्त जातात हे खरं, पण ते कुणाच्या पोटात गेले याचा पत्ता जेवणाऱ्यालाही नसतो.

रात्री दहाला शाळेच्या ग्रुपवर निरोप झळकतो. उद्या भाजीपाला दिवस, प्रत्येकाने एकेक भाजी बनून यायचं. वाट्याला टोमॅटो. साऱ्या मुंबईला भाजी पुरवणारा घाऊक बाजार हाकेच्या अंतरावर, आणि या घराला हवा असतो लाल क्रेप कागद! बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर पडतात. स्टेशनरीवाला शटर ओढत असतो. तो न विचारताच म्हणतो, "लाल संपला. चौथे तुम्ही." सकाळी शाळेच्या व्हॅनमधून तीन टोमॅटो आणि एक गाजर रवाना होतं. गाजर रडत असतं, त्यालाही टोमॅटोच व्हायचं होतं.

दोन आठवड्यांनी अख्ख्या वर्गाला सर्दी. पावसाळ्यात घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर न वाळलेली दुपटी आणि पंखा पाचावर. रजा आज कुणी टाकायची यावर नवरा-बायकोत हळू आवाजात बोलणी. बहुतेक वेळा तीच टाकते.

या सगळ्या धावपळीत सरकार एका गोष्टीसाठी मात्र दारापर्यंत येतं. पोलिओच्या रविवारी टेबल मांडलेलं असतं, त्यावर बर्फाने गार ठेवलेली लशीची पेटी. दोन थेंब आणि डाव्या करंगळीवर शाई. पोर ती करंगळी दोन दिवस धुवू देत नाही, भेटेल त्याला दाखवत सुटतं. बूथवर न आलेल्यांच्या घरी सेविका पुढच्या दिवसांत स्वतः जातात. भारतातला नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. दार न चुकवता प्रत्येक मुलापर्यंत पोचता येतं, हे त्या दोन थेंबांनी सिद्ध केलं.

पाळणाघराचं तसं झालं नाही. 2017 च्या कायदादुरुस्तीने प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा, हेही कायद्यात आलं. पण दुकानात, दवाखान्यात, छोट्या कार्यालयात काम करणारी त्या पन्नासात बसत नाही. आणि दिघ्याहून, तुर्भ्याच्या वस्तीतून येऊन दुसऱ्याचं बाळ न्हाऊ घालणारी मावशी तर मुळीच नाही. तिचं धाकटं त्या वेळी आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर असतं.

मुलांच्या दाराशी आपणच जाण्याची वाट तशी जुनीच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 च्या सुमारास बोर्डीला गेल्या. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी तर कुरणात. 1975 मध्ये सुरू होऊन पुढे देशभर पसरलेल्या बालविकास योजनेतल्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. पण तिथे पूर्ण दिवस मूल सांभाळण्याची सोय सहसा नसते. आईची ड्युटी संध्याकाळी सुटते आणि मधले तास घरोघरी आजीच्या गुडघ्यांवर निभावतात.

तेव्हा सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून भांडून झालं की आणखी एक विषय मांडा. वर्षातून चार वेळा उघडणारा क्लबहाउसचा हॉल दुपारी दोन ते सात लहान मुलांना द्या. पगारी, शिकलेली ताई नेमा. इमारतीत कामाला येणाऱ्या मावश्यांच्या मुलांनाही तिथे घ्या. आणि ती हिरवळीवरची पाटी काढून टाका.