डोक्यावरचा हात

मालिश करणारी बाई म्हटली की ती बाळ-बाळंतिणीची, असंच आपण धरून चालतो. मीही तसंच समजत होते. आमच्या कोंढ्यातल्या मावशी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी यायला लागल्या आणि अंग रगडणं वेगळं, डोक्या-चेहऱ्याला हात लावणं वेगळं, हे मला कळलं.

सासूबाईंनी उभी हयात धानाच्या बांधीत वाकून रोवणी केली. डोक्यावरून भारे वाहिले. साठी उलटली तेव्हा गुडघे, पाठ, मान सगळ्यांनी एकदमच हिशेब मागितला! मावशी टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल कोमट करून पायांना आणि पाठीला लावायच्या. ते झालं की साबणानं हात धुवायच्या, तिळाच्या तेलाची वाटी पुढे ओढायच्या आणि विचारायच्या, "डोस्क्याले हात लावू का वो आजी?"

दर वेळी विचारायच्या. एकदा मी म्हटलं, "मावशी, रोजचंच आहे, विचारता कशाला?"

"पाय कोनी बी देते बाई," त्या म्हणाल्या, "डोस्का कोनी देत नाही."

खरंच होतं ते. डोक्यावर पदर घेऊन जन्म काढलेल्या आमच्या आईंनी पहिले दोन दिवस "नको" म्हटलं. मावशींनी आग्रह केला नाही. तिसऱ्या दिवशी आईंनी आपणच पदर खाली घेतला आणि थोड्या वेळात बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली.

मग मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायला लागले. मावशी आधी मागे बसत. मानेच्या मागच्या बाजूला, कवटी जिथे सुरू होते तिथे अंगठे टेकवून हळूहळू फिरवत. मान आखडली की दुखणं तिथूनच वर कपाळापर्यंत चढतं. मग बोटांची पेरं डोक्यावर घट्ट टेकवायची आणि केस न घासता खालची कातडी हलवायची. शेवटी समोर येऊन चेहरा. तेल अगदी थेंबभर. कपाळाच्या मध्यापासून कानशिलांकडे, नाकापासून गालांवरून कानाकडे, हनुवटीपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. डोळ्यांभोवती फक्त अनामिका, कारण त्या बोटाला जोर कमी. गळ्याच्या पुढच्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि मानेला झटका देऊन कडकड वाजवणं तर मुळीच नाही. अशा झटक्यानं मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

तुम्हीही एक करून पाहा, मैत्रिणींनो. कानशिलावर बोटं ठेवा आणि दातावर दात दाबा. बोटांखाली काहीतरी हललं ना? तो चावण्याचा स्नायू. दिवसभर आपण दातओठ खात गप्प बसतो, त्याचा ताण तिथे साठतो आणि आपण म्हणतो, डोकं दुखतंय. शाळेतल्या तासिका आटोपून मी घरी येते तेव्हा माझा जबडा असाच आवळलेला असतो. आता गोळी शोधण्याआधी पाच मिनिटं तिथे बोटं फिरवते. पुष्कळदा तेवढं पुरतं.

हे शास्त्र आपल्याकडे जुनंच. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष तेल लावावं असं आहे. अजीर्ण झालेल्यानं, कफानं बेजार असलेल्यानं अभ्यंग टाळावा, हेही तिथेच सांगितलंय. इंग्रजीतला 'शाम्पू' हा शब्द आपल्या चंपीच्याच घराण्यातला. १९७० च्या दशकात भारतातून इंग्लंडला गेलेल्या नरेंद्र मेहता या दृष्टिहीन गृहस्थांना तिथल्या मालिशच्या शिक्षणात डोकंच वगळलेलं आढळलं. पुढे त्यांनी डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या मालिशचे वर्ग तिथे सुरू केले. आपल्या घरचं तेल असं सातासमुद्रापार गेलं.

पण मावशींची खरी विद्या मला कळली ती एका सकाळी.

पाय, पाठ झाली. डोकं झालं. मावशी समोर आल्या, गालांवर हात ठेवला आणि थांबल्या. पुन्हा ठेवला. "आजी, हासा बरं." आई हसल्या, पण ओठाचं एक टोक वर गेलंच नाही. "दोनी हात वर करा." डावा हात अर्ध्यातून खाली आला.

"बाई, एक गाल हाताले ढिला लागते. आज तेल नाही लावत मी. गाडी बोलवा."

तोवर शेजारणी जमल्या. लकवाच तो, गरम तेल चोळा, वारं उतरेल, असं सगळ्यांचं एकमत! क्षणभर मलाही ते पटलं, हे कबूल करते. मावशींनी मात्र तेलाची वाटी उचलून आत नेऊन ठेवली. "चोळत बसलो का वेळ जाते," एवढंच म्हणाल्या.

१०८ ला फोन केला. भंडाऱ्याला पोचलो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "त्रास केव्हा सुरू झाला?" मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहून. आम्ही वेळेत होतो. आईंची वाचा परत आली. डाव्या हाताची पकड अजून कच्ची आहे, पण भाकरीचा तुकडा मोडतात.

म्हणून सांगते. तोंड एका बाजूला ओढलं, हात गळून पडला, बोलणं अडखळलं, किंवा कधी नव्हे असं डोकं अचानक फुटायला लागलं, तर तेलाला हात लावू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. घड्याळ बघा आणि दवाखाना गाठा. ताप असेल, डोक्याला मार लागला असेल, कातडीवर फोड असतील, तरीही मालिश नको.

दोन महिन्यांनी डॉक्टरांच्या परवानगीनं मावशी पुन्हा यायला लागल्या. महिन्याचे पैसे देताना मी एका दिवसाचे जास्त ठेवले. मावशींनी मोजले आणि जास्तीचे परत केले. मी म्हटलं, "त्या सकाळचे आहेत. तेव्हा गडबडीत राहिले होते."

"त्या दिशी तर चेहऱ्याले तेलच नाही लावलं वो बाई."

"त्याचेच आहेत," मी म्हटलं.

मावशींनी ते पैसे पदराच्या टोकाला बांधले, साबणानं हात धुतले आणि आईंकडे वळल्या.

"डोस्क्याले हात लावू का वो आजी?"